पॅड वाकलं तर आधी दारातलं पाणी शोधा



पावसाळ्याच्या तोंडावर आपण कौलं शाकारतो, कडब्याची गंजी झाकतो, बियाण्याची पोती फळीवर उचलून ठेवतो. ओल कुठून येते आणि काय खाते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण त्याच वाड्याच्या पडवीत, नाहीतर गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली, वडिलांच्या काळातली एखादी फियाट नाहीतर अँबेसेडर उभी असते. तिची आठवण होते ती दसऱ्याला, पूजेच्या वेळी. दार उघडून पाहावं तर आतलं रेक्झिनचं पॅड खालून फुगलेलं, कडा सुटून आत आलेल्या, मध्ये फुगवटा, हात लावला तर भुसा गळतोय. घरातलं कुणीतरी म्हणतं, "जुनी झाली गाडी, चालायचंच."

मंडळी, हे वयामुळे होत नाही. पाण्यामुळे होतं. पाण्याची वाट तशीच ठेवून नवं पॅड बसवलं, तर तेही एक-दोन पावसाळ्यांत तसंच वाकणार. आणि पॅड नुसतं वाकून थांबत नाही. ज्या पाण्यानं पॅड वाकलं, तेच पाणी दाराच्या तळाचा पत्रा आतून खात असतं. पॅडचं काम सुताराच्या ओट्यावर होतं. पत्र्याला गेलेलं भोक मात्र वेल्डिंग, पत्रेकाम आणि रंग मागतं. तेव्हा वाकलेलं पॅड हा इशारा समजावा. पिकाचं पान पिवळं पडलं की आपण आधी मुळाशी पाणी साचलंय का ते पाहतो, तसंच हे.

या गाड्या आणि त्यांची पॅडं

आपल्या भागात जुनी मोटार म्हटलं की दोनच नावं पुढं येतात. एक फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. ऊस शेतकऱ्यांना माहीत असलेलं वालचंदनगर आणि रावळगाव त्यांच्याच उद्योगातलं. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने गाड्या बनू लागल्या आणि १९७४ पासून त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं. दुसरी अँबेसेडर. ती बंगालमधल्या उत्तरपाडा इथं हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून बनत होती. तिचं उत्पादन मे २०१४ मध्ये थांबलं. पद्मिनीचं तर त्याच्याही बरंच आधी. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

याचा अर्थ असा की कंपनीतून नवं पॅड आता येणार नाही. तुमच्या दाराचं जुनं पॅड, कितीही वाकलेलं असो, तोच तुमचा नमुना आहे. त्यावर क्लिपांची भोकं आहेत, हँडलची जागा आहे, कडेचा उतार आहे. ते चुलीत घालू नका, कुणाला रद्दीत देऊ नका. काम पूर्ण होऊन दोन पावसाळे जाईपर्यंत ते जपून ठेवावं.

पॅड कशाचं असतं

पॅड उलटं करून पाहा. पुढून रेक्झिन, मागून तपकिरी रंगाची पातळ फळी. ही फळी म्हणजे हार्डबोर्ड. लाकडाचे तंतू मोकळे करून, उष्णता आणि दाब देऊन त्याची पातळ शीट करतात. एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर जाळीचा ठसा. कोरडं असेपर्यंत हे कडक आणि हलकं राहतं, आणि हवं तसं कापता येतं. पण त्यातले तंतू पाणी पितात आणि प्याले की फुगतात.

आता गंमत पाहा. पुढच्या बाजूला रेक्झिन असल्यामुळे तिकडून पाणी शिरत नाही. मागची बाजू मात्र उघडी, आणि ती असते दाराच्या पोकळीकडे, म्हणजे ओलीकडे. मागची बाजू फुगून लांब होते, पुढची आहे तेवढीच राहते. मग फळी वाकते आणि कडा आपल्याकडे, म्हणजे गाडीच्या आत उचलल्या जातात. वाळत घातलेला पापड वरून सुकला आणि खालून ओला राहिला की त्याच्या कडा वर येतात, तोच प्रकार. खालची कड सगळ्यात आधी जाते, कारण पाणी तळाशी थांबतं.

पाणी दारात येतंच कसं

इथं पुष्कळांचा गैरसमज असतो. दाराच्या आत पाणी जाणं हा बिघाड नाही. काच खाली सरकायला वर फट ठेवावीच लागते. तिथं रबराची पट्टी असते, ती बरंचसं पाणी अडवते, पण सगळं नाही. पावसात काचेवरून ओघळलेलं थोडं पाणी आत उतरणारच. हे धरूनच दार बनवलेलं असतं. आत आलेल्या पाण्यासाठी दाराच्या तळाला निचऱ्याची भोकं असतात आणि पॅड भिजू नये म्हणून पत्रा आणि पॅड यांच्यामध्ये एक कागद लावलेला असतो. कुठं तो डांबरी असतो, कुठं प्लास्टिकचा.

म्हणजे व्यवस्था तिहेरी आहे: वर रबर, मध्ये कागद, खाली निचरा. जुन्या गाडीत या तिन्ही गोष्टी बिघडलेल्या सापडतात.

रबर उन्हानं कडक होतं, तडकतं, काचेपासून सुटतं. पुढच्या दाराला त्रिकोणी छोटी काच असेल तर तिचं रबरही आधी पाहावं, तिथून पाण्याची धार लागते.

कागदाचं नशीब आणखी वाईट. काच चढवायची यंत्रणा दुरुस्त करायला कधीतरी पॅड काढलं गेलं, कागद फाडून फेकला गेला, आणि परत कुणी लावला नाही. पॅड बसलं की काही दिसत नाही, म्हणून कुणी विचारतही नाही. पुढं दारात स्पीकर बसवायची हौस आली, पॅडला मोठं गोल भोक पडलं आणि उरलासुरला आडोसाही गेला.

निचऱ्याची भोकं आपल्याकडे फार लवकर बुजतात. रस्त्याची धूळ, उसाचं पाचट, कडब्याचा चुरा, कापसाचे तंतू काचेच्या फटीतून आत जातात. पाण्याबरोबर खाली बसून त्याचा चिखल होतो. मग दाराचा तळ म्हणजे बांध न फोडलेली भातखाचर.

पॅड कसं काढायचं

काम कोरड्या हवेत करावं. दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला, हवा कोरडी असते आणि ऊनही जाळत नाही. आधी काच पूर्ण वर चढवा. दारात दिवा किंवा स्पीकर असेल तर बॅटरीची तार काढा.

काच फिरवायचं हँडल आणि दार उघडायचं हँडल कसं बसवलंय ते नीट पाहा. काहींना मध्ये स्क्रू असतो. काहींना मागची वाटी आत दाबली की दांड्यातून आरपार गेलेली बारीक पिन दिसते, ती सुईसारख्या सळईने ढकलून काढावी लागते. जोर करून ओढू नका, दांड्याचे दाते गेले की नवीन मिळवणं अवघड. हाताच्या टेकूचे स्क्रू काढा.

पॅडच्या कडेला मागून स्प्रिंगच्या क्लिपा असतात, त्या पत्र्याच्या भोकांत बसतात. पुट्टी भरायची रुंद पाती घ्या, तिला फडकं गुंडाळा, क्लिपेच्या अगदी शेजारी सारा आणि एकेक क्लिप सोडवा. नुसती कड धरून ओढली तर क्लिप दारातच राहते आणि हार्डबोर्डचा तुकडा तुमच्या हातात येतो. पॅड निघालं की मागे खडूनं लिहा: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्क्रू आणि क्लिपा दाराप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. दाराच्या पोकळीत हात घालताना जाड हातमोजे वापरा, आतल्या पत्र्याच्या कडा पात्याच्या धारेच्या असतात.

तांब्याभर पाण्याची परीक्षा

पॅड निघालेलं असताना ही परीक्षा करून घ्यावी. एक माणूस बाहेर, एक आत. बाहेरच्यानं तांब्याभर पाणी काचेवर हळूहळू सोडायचं. आतल्यानं बॅटरीचा उजेड पोकळीत टाकून पाहायचं. पाणी बाहेरच्या पत्र्याच्या आतून सरळ खाली उतरावं आणि तळाच्या भोकांतून बाहेर ठिबकावं. ते तळाशी साचून राहत असेल तर भोकं बुजली आहेत. आतल्या पत्र्यावरून ओघळत असेल तर तेच तुमच्या पॅडवर येत होतं. त्रिकोणी काचेपाशीही असंच थोडं पाणी सोडून पाहा.

भोकं साफ करताना टोकदार लोखंड खुपसू नका, रंग निघतो आणि तिथूनच गंज धरतो. बांबूची काडी किंवा जाड नायलॉनचा दोर वापरा. चिखल ओला करून काढा, पाण्याने धुवा, दार उघडं ठेवून दोन दिवस वाळू द्या. तळाशी गंज असेल तर तारेच्या ब्रशने खरवडून, रेड ऑक्साइडचा हात देऊन, वर रंग लावा. भोकं रंगानं बुजणार नाहीत एवढं पाहा. इंजिनातलं जळकं ऑइल दारात ओतायची पद्धत काही गॅरेजांत आहे. ती टाळावी. ऑइलने रबर फुगून खराब होतं आणि ते पॅडमध्ये शिरलं तर रेक्झिन परत चिकटत नाही.

पॅडची प्रतवारी

आपण धान्याची करतो तशी पॅडचीही प्रतवारी करा. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मागच्या बाजूला हलकेच दाबून पाहा.

पहिली प्रत: फळी वाकली आहे, पण सगळीकडे कडक आहे. हे पॅड सरळ होतं.

दुसरी प्रत: वरचा भाग कडक, खालची चार बोटं फुगून पापुद्रे सुटलेत, क्लिपांची भोकं फाटलीत. हेही वाचतं, पण कड बांधावी लागते.

तिसरी प्रत: टोक आत रुततं, भुसा गळतो. हे आता फक्त नमुना. नवीन कापावं लागेल.

वाकलेलं पॅड सरळ करणं

आधी रेक्झिन पाहा. ते खाली फोम घालून शिवलेलं असेल तर वजनाखाली त्याच्या शिवणी आणि उठाव दबतात. असं रेक्झिन मागच्या कडेपासून हळूहळू सोडवून बाजूला काढा. साधं, सपाट चिकटवलेलं असेल तर तसंच राहू द्या.

एक सपाट टेबल किंवा जाड प्लायवूड घ्या. त्यावर स्वच्छ सुती कापड आणि वर्तमानपत्राचे चार-पाच थर. पॅडची मागची बाजू कोमट पाण्याच्या फवाऱ्यानं हलकी ओली करा. हातपंपाची लहान बाटली पुरे. तिच्यात आधी कधी औषध भरलेलं नसावं. पाणी ओतायचं नाही, भिजत घालायचं तर मुळीच नाही. पृष्ठभाग दमट झाला पाहिजे, एवढंच. पंधरा-वीस मिनिटं थांबा, तंतू मऊ पडतात.

आता पॅड रेक्झिनची बाजू खाली करून ठेवा. कडा टेबलाला टेकतील, मध्ये कमान उभी राहील. वर परत वर्तमानपत्र, त्यावर दुसरं प्लायवूड आणि त्यावर वजन. दगडापेक्षा गव्हाचं पोतं चांगलं, कारण ते सगळीकडे सारखं बसतं. वजन एकदम टाकू नका. आधी अर्धं पोतं, तासाभरानं पूर्ण. बाक फार हट्टी असेल तर दोन्ही कडांखाली तीन मिलिमीटर जाडीची पट्टी ठेवावी. म्हणजे मधला भाग सपाटीच्या थोडा पुढे दाबला जातो आणि सोडल्यावर बरोबर सरळ येतो.

रोज वर्तमानपत्र बदला. ओला कागद काढून कोरडा घातला नाही तर आत बुरशी धरते. कोरड्या हवेत चार-सहा दिवस लागतात. घाई करून पॅड उन्हात टाकू नका. ऊन लागलेली बाजू आधी आकसते, फळी उलटी वाकते आणि जुनं रेक्झिन तडकतं. लाकडाची ओली फळी उन्हात टाकून कुठला सुतार काम करतो?

कडा आणि भोकं

पापुद्रे सुटलेल्या कडेत पातळ केलेला गोंद ब्रशने आत पोचवा. साधा पांढरा फेविकॉल पाण्यापुढे टिकत नाही. दुकानात पाण्याला टिकणारा वेगळा मिळतो, तो मागा. नाहीतर दोन भाग मिसळून करायचा इपॉक्सी गोंद वापरा. दोन बाजूंना मेणकागद ठेवून लाकडी पट्ट्यांत कड दाबा आणि शिकंजा लावून रात्रभर ठेवा. मेणकागद विसरलात तर पट्टी पॅडलाच चिकटेल.

क्लिपेचं भोक फाटलं असेल तर त्यात इपॉक्सी आणि लाकडाचा बारीक भुसा मळून भरा, वाळल्यावर पॉलिशपेपरने घासा आणि जुन्या मापाचं भोक परत पाडा. फारच फाटलं असेल तर मागून पातळ पत्र्याची दोन बोटांची चकती चिकटवून तिच्यात भोक घ्या. चकतीला आधी रंग द्यावा, नाहीतर तिचा गंज रेक्झिनवर उतरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारं काम. पॅड पूर्ण कोरडं झालं की मागच्या बाजूला, कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आतल्या काठाला व्हार्निश किंवा ऑइलपेंटचे दोन पातळ हात द्या. खालच्या कडेला तिसरा हात. लाकडाला तेल पाजणं आपल्याला नवं नाही. हार्डबोर्डलाही डबल बॉइल्ड जवस तेल मानवतं. मात्र रेक्झिन जिथं चिकटवायचं तिथं तेल लागू देऊ नये. आणि एक इशारा: जवस तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवा, कडब्यापासून लांब.

नवं पॅड कापायचं तर

तिसऱ्या प्रतीचं पॅड असेल तर गावातला सुतारही हे काम उत्तम करतो, फक्त त्याला माप बरोबर द्या. जुन्या पॅडची जाडी मोजा. साधारण तीन मिलिमीटर भरते. जाड प्लायवूड घातलं की मजबूत होईल असं वाटतं, पण मग क्लिपा पत्र्यापर्यंत पोचत नाहीत आणि काचेचं हँडल पॅडवर घासतं. जाडी मूळ तेवढीच ठेवा.

हार्डबोर्ड वापरलात तरी चालतं, वर सांगितल्याप्रमाणे रंगवलं म्हणजे झालं. त्याहून चांगलं म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारं पातळ प्लायवूड. त्यावर आयएस ७१० हा शिक्का पाहून घ्यावा. आठ बाय चार फुटांच्या एका शीटमध्ये चारही दारांची पॅडं साधारण बसतात, पण कापण्याआधी चारी नमुने शीटवर मांडून खात्री करा.

नमुना आखताना फुगलेली कड धरू नका. ती मूळ मापापेक्षा मोठी झालेली असते. जिथं कड गेली आहे तिथं दुसऱ्या बाजूच्या दाराचं पॅड उलटं ठेवून माप घ्या. डावं आणि उजवं ही एकमेकांची आरशातली रूपं असतात. एकच नमुना न उलटता दोनदा कापला तर दोन्ही पॅडं डावीच होतात आणि शीट वाया जाते. आधी जाड पुठ्ठ्यावर कापून दारावर लावून पाहा. पुठ्ठा स्वस्त असतो.

जुनं रेक्झिन चांगलं असेल तर तेच परत वापरा. त्याचा रंग आणि ठसा आता बाजारात जुळत नाही. सीटकव्हरवाल्याकडचा रबरी गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावून, हाताला चिकटेनासा झाल्यावर जोडा. मध्यापासून कडेकडे हात फिरवा. कोपऱ्यावर रेक्झिनला चिरा देऊन दुमडा, म्हणजे गाठ होत नाही.

कागद लावल्याशिवाय पॅड बसवू नका

पॅड सरळ झालं, रंगलं, आता बसवायची घाई होते. थांबा. आधी कागद.

यासाठी कुठं जायला नको. पॉलिहाऊसचा २०० मायक्रॉनचा उरलेला तुकडा शेतात पडलेला असतो, तो या कामाला चांगला. मल्चिंगचा २५-३० मायक्रॉनचा कागद फार पातळ, क्लिपेला अडकून फाटतो. शेततळ्याचं ५०० मायक्रॉनचं अस्तर फार जाड, घडी बसत नाही आणि पॅड पत्र्यापासून दूर राहतं.

दाराच्या आतल्या पत्र्याच्या मापाचा तुकडा कापा. हँडलच्या दांड्यांसाठी लहान चीर द्या, मोठं भोक नको. कडेने न वाळणारी सीलिंगची वळी किंवा चांगली चिकटपट्टी लावून तो पत्र्याला चिकटवा. पण खालची कड बाहेर सोडायची नाही. पत्र्याला खाली जी फट किंवा खिडकी असते तिच्यातून कागदाचं टोक दाराच्या पोकळीत आत घाला. कागदावरून ओघळलेलं पाणी मग परत दारातच पडतं आणि निचऱ्याच्या भोकातून जातं. टोक बाहेर राहिलं तर तेच पाणी पॅडच्या खालच्या कडेवर. कौलाची वरची ओळ खालच्या ओळीवर येते, खाली जात नाही. तोच हिशोब.

दारात स्पीकर असेल तर त्याच्या मागे प्लास्टिकच्या डब्याचा अर्धा भाग टोपीसारखा लावा. मग तांब्याची परीक्षा पुन्हा करा. आतला कागद कोरडा राहिला आणि खाली पाणी ठिबकलं, तरच पॅड चढवा.

उन्हानं वाकलेले भाग

हार्डबोर्ड पाण्याने वाकतं, प्लास्टिक उष्णतेने. बंद काचांची गाडी वैशाखात उघड्यावर उभी राहिली की आतली हवा भट्टीसारखी तापते आणि प्लास्टिकच्या पट्ट्या, झाकणं पीळ खातात. अशी पट्टी काढून गरम पाण्यात किंवा केस वाळवायच्या यंत्राच्या हवेत हळूहळू मऊ करावी, सपाट फळ्यांत दाबावी आणि दाबलेली असतानाच पूर्ण थंड होऊ द्यावी. स्टोव्ह किंवा चुलीची धग दाखवू नये. जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, थंड असताना वाकवलं तर तडकतं.

कागदपत्रांकडेही लक्ष असू द्या

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. पुढं तपासणी करून ती दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. सडलेली दारं घेऊन तपासणीला उभं राहण्यात शहाणपण नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या ऐतिहासिक गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरं येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. १९७४ ची पहिली पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीत गेली. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक गाड्या येत्या काही वर्षांत या वयात येतील. ज्याने दारं, पॅडं आणि पत्रा मूळचा राखला, त्याच्याच हातात हा पर्याय राहील.

ग्रामसेवक आणि पंचायत समितीच्या मंडळींनी एक फरक ध्यानात घ्यावा. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नव्याने होत नाही. आवारात उभ्या असलेल्या जुन्या जीपची पॅडं दुरुस्त करण्यावर सरकारी पैसा घालण्याआधी तिची नोंदणीची तारीख पाहावी.

वर्षभराची निगा

मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर, अशी वर्षातून दोनदा निचऱ्याची भोकं तपासा. गाडी धुताना मोटारीच्या पाइपचा झोत काचेच्या फटीवर मारू नका. गोठ्यात गाडी ठेवू नका. जनावरांच्या श्वासाची आणि मुताची दमट हवा पत्रा, पॅड सगळंच खाते, शिवाय वैरणीमागून उंदीर येतात. गाडीवर प्लास्टिकचा कागद घट्ट बांधला तर आत घाम धरतो, त्याऐवजी सुती कापड घाला. पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दिवशी चारही दारं तासभर उघडी ठेवा, जशी आपण धान्याची कोठी उघडतो.

एवढं सगळं एका रविवारी होत नाही. एका वेळी एकच दार घ्या, ते पूर्ण करा, मग दुसरं. सुरुवात मात्र पॅडपासून करू नका. आजच गाडीपाशी जाऊन खाली वाका आणि दाराच्या तळाची भोकं मोकळी आहेत का, ते बोट लावून पाहा.